पंजाबरावांचा स्कोर

फुलसावंगीत विमलताई नरवाडेंच्या घरी भर दुपारी कोणी गेलं, तर दार लोटलेलं असायचं आणि आतून टकटक-टकटक असा आवाज यायचा. नव्या माणसाला वाटायचं, बाई सुपारी फोडत असेल, नाहीतर भुईमुगाच्या शेंगा. कसली सुपारी आणि कसल्या शेंगा! बाई विमानं पाडत होती.

हसू नका. जावई आणायच्या वयाची बाई, कापूस-तुरीचं घर, दारात ट्रॅक्टर, गोठ्यात दोन म्हशी, आणि ती दुपारची टीव्हीसमोर पाटावर बसून एका हातानं दांडी फिरवते, दुसऱ्या हातानं बटणं बडवते आणि तोंडानं म्हणते, "ये, ये मुडद्या, इकडून ये." हे असं होतं. आणि जसं होतं तसंच ते सांगितलं गेलं असतं, तर पुढचं काहीच झालं नसतं.

ती दांडी आली पंजाबरावांसाठी. पंजाबराव म्हणजे विमलचे मालक. कॉलेजला पुसदला होते तेव्हा बसस्टँडमागच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात त्यांनी मेसच्या जेवणाचे पैसे उडवले, ही कथा त्यांनी घरी, पानठेल्यावर आणि प्रत्येक लग्नाच्या पंगतीत सांगितली होती. "अशी दांडी होती राजा, लाल गोट्याची! माह्या हाताले सलाम करत पोट्टे!" त्यांची एकुलती एक पोरगी अर्पिता हे ऐकतच वाढली. पुण्यात नोकरीला लागल्यावर पहिल्या दिवाळीला ती एक खोकं घेऊन आली. आत पाटाएवढा काळा डबा, डावीकडे लाल गोट्याची दांडी, उजवीकडे रंगीत बटणं. वायर टीव्हीला जोडली की त्या दुकानातले जुने गेम जसेच्या तसे घरात.

पंजाबरावांच्या डोळ्यांत पाणी आलं, हे खरं. भाऊबीजेपर्यंत ते खेळले, हेही खरं. पण दांडी ते मुठीत धरून ट्रॅक्टरच्या गिअरसारखी ओढायचे, त्यामुळे त्यांचं विमान कुठंतरी कोपऱ्यात जाऊन आपटायचं आणि त्यांचा अंगठा सुजायचा. दिवाळी संपली, अर्पिता गेली, पंजाबराव पानठेल्यावर गेले. डबा टीव्हीखाली पडून राहिला.

धूळ पुसायचं काम विमलचं. पुसता पुसता एक दिवस बटण दाबलं गेलं, टीव्ही चालू होता, आणि गाणं वाजवत विमान वर निघालं. आता हे बंद कसं करायचं? तिनं अर्पिताला व्हिडिओ कॉल लावला. ऑफिसात जेवणाची सुट्टी होती, पोरगी हसली आणि म्हणाली, "बंद नको करू आई, खेळ. मुठीत नको धरू, बोटांनी धर."

बोटांनी म्हटल्यावर विमलनं मोबाईल बाजूला टेकवून ठेवला आणि दांडी ताकाची रवी धरावी तशी धरली. सैल. आणि विमान ती नेईल तिकडे जाऊ लागलं. दुसरा हात बटणांवर होताच. लहानपणी माहेरी महागावकडे तिनं दोन्ही हातांनी कापूस वेचला होता. वेचणीत डोळा पुढच्या बोंडावर असतो आणि हात मागचं काम करत असतात, हाताकडे बघायचं नसतं. इथंही तेच. अर्पितानं तिकडून ओरडून सांगितलं, "आई, अगं, बाबा पहिल्याच फेरीत मरतात, तू तिसरीत पोचली!"

त्या दिवसापासून दुपार त्या दोघींची झाली. भांडी आटोपली की विमल पाट घ्यायची, बांगड्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत चढवायची, नाहीतर बटणांवर त्या खणखण वाजत, आणि बसायची. खेळ संपला की मोबाईलनं टीव्हीचा फोटो काढून अर्पिताला पाठवायची. अर्पिताचा निरोप यायचा, "काय बाई आहे ही!" पुढं बदाम, टाळ्या, आग. कधी फोन करून सांगायची, "आई, मी इकडे सगळ्यांना सांगते. सगळे फोटो बघायला थांबतात." विमल म्हणायची, "चाल, काहीतरीच." पण फोन ठेवल्यावर ती उगाच आरशात बघायची. कोणाला लाज वाटू नये असं काहीतरी आपल्या हातून झालं, असं तिला या वयात पहिल्यांदा वाटत होतं.

एक गोष्ट मात्र तिनं आपल्या हातानं केली, ती ध्यानात ठेवा. पहिल्यांदा तिचा स्कोर वरच्या दहांत गेला तेव्हा टीव्हीनं तीन अक्षरांचं नाव मागितलं. तिनं फोन लावला. "अवं, नाव इचारून राह्यलं थे."

"टाक ना तुझं. व्ही, आय, एम."

विमल टीव्हीकडं बघत राहिली. मीटर पंजाबरावांच्या नावानं, गॅस त्यांच्या नावानं, वावर त्यांच्या नावानं, ती स्वतः उखाण्यात त्यांच्याच नावानं. टीव्हीही त्यांचाच. त्यांच्या टीव्हीवर आपलं नाव टाकायचं म्हणजे तिला परक्याच्या भिंतीवर कोळशानं लिहिल्यासारखं वाटलं. तिनं दांडी फिरवून पी, एन, जे टाकलं. पंजाब.

"आई, तू पण ना!" अर्पिता हसली. विमलही हसली. पुढं ओळीनं सगळीकडे तेच लागलं. वरपासून खालपर्यंत पंजाब, पंजाब, पंजाब. पंजाबरावांना पत्ताही नव्हता. एकदा जेवताना त्यांनी टीव्हीकडं बघून विचारलं, "हे काय माहं नाव कायले?" विमल म्हणाली, "राहू द्या. तुमचं नाव झालं, काय बिघडलं?" ते खूश होऊन जेवले.

मग अर्पितानं निशांतचं सांगितलं. तिच्याच ऑफिसातला, घर वणीचं, वडील कोळसा खाणीतून निवृत्त. पोरांनी एकमेकांना पसंत केलंच होतं, आता वणीची मंडळी घर बघायला येणार होती. पंजाबरावांनी जात-गोत विचारून घेतलं आणि मान हलवली. फोन ठेवता ठेवता अर्पिता म्हणाली, "आणि आई, गेम लावून ठेव हं. निशांतला तो बघायचाच आहे. फोटो बघून वेडा झालाय."

विमल फोन हातात धरूनच टीव्हीपुढं जाऊन उभी राहिली. वणीहून माणसं येणार, आणि घर, वावर, दागिने, पुरण बघायच्या आधी तिचा खेळ बघणार! आठवडाभर ती वेगळीच होती. डब्याची बटणं तिनं एकेक करून फडक्यानं पुसली. दांडीच्या फटीतली धूळ काडीला कापूस गुंडाळून काढली. डब्यावर टाकायला नक्षीचा रुमाल काढला. सराव असा केला की बोटं आखडली.

जमनी तांड्यावरून ताक न्यायला यायची. तिला टीव्हीतला सगळा खेळ पाठ होता, दारात उभी राहून ती ओरडायची, "मार वो बाई, डाव्या बाजूनं येऊन राह्यलं!" तिला विमलनं सांगितलं, "वणीचे लोक येऊन राह्यले. माहा गेम पाह्याले."

"तुमचा?" जमनीनं लोटी खाली ठेवली. "बापा बापा! मंग लुगडं चांगलं नेसजा. फोटो काढतीन."

विमलनं जांभळी साडी काढून ठेवली.

मंडळी आली ती रविवारी. निशांत, त्याचे वडील आणि आई मंदाताई. अर्पिता आदल्याच दिवशी आली होती. सकाळपासून तिची भाषा बदललेली होती, 'मले'चं 'मला' झालं होतं, 'काहून'चं 'का बरं'. विमलला ते कळलं आणि तिनं सोडून दिलं, शिकलेली पोर आहे. पंजाबराव इस्त्रीच्या कपड्यांत सोफ्याच्या टोकावर बसले. पाणी झालं, हालहवाल झाली, वणीकडं धूळ किती आणि इकडं पाऊस कसा, हे झालं. विमल पोह्यांच्या प्लेटा घेऊन बाहेर आली तेव्हा निशांत टीव्हीसमोर जाऊन डब्यावरचा रुमाल उचलत होता. तो वळला आणि दोन्ही हात जोडले. पंजाबरावांना.

"काका, दर्शन झालं एकदाचं! तुमचे सगळे स्कोर पाहिलेत मी. अर्पिता रोज फोटो दाखवते. ऑफिसात तुमचे फॅन आहेत, खरंच सांगतो. सगळ्यांना माहीत आहे, अर्पिताचे बाबा म्हणजे चॅम्पियन."

विमलला आधी वाटलं, पोराची चूक होतेय. नाव बघून चुकला असेल. आता अर्पिता सांगेल. ती प्लेटांचा ट्रे धरून उभी राहिली आणि अर्पिताकडं बघून हसलीही. अर्पिता तिच्याकडं बघत नव्हती.

रोज फोटो दाखवते. रोज. म्हणजे आजचं नव्हतं हे. पहिल्या फोटोपासूनचं होतं. ते बदाम, त्या टाळ्या, 'मी इकडे सगळ्यांना सांगते', हे सगळं खरंच होतं, फक्त सांगितलं होतं बाबांचं.

"अं? माहे?" पंजाबराव म्हणाले. त्यांनी विमलकडं बघितलं. त्यांचं तोंड उघडलंही होतं, आणि अजून एक क्षण मिळता तर कदाचित खरं बाहेर पडलंही असतं. पण 'फॅन' हा शब्द त्या माणसाला जन्मात कोणी दिला नव्हता.

"बाबा लाजतात," अर्पिता चटकन म्हणाली. "बाबा, खेळा ना एकदा."

आणि पंजाबराव उठले. उठले हो! बाह्या सरसावल्या, दांडी मुठीत धरली, गिअर टाकावा तशी ओढली. विमान गेलं कोपऱ्यात. फुटलं. दुसरं आलं, तेही तिथंच गेलं. तिसऱ्याला तर त्यांनी गोळीच मारू दिली नाही. निशांतच्या वडिलांनी खोकल्यात हसू लपवलं.

"आज बटण अडकून राह्यलं," पंजाबराव म्हणाले. "नाहीतं..."

बटण अडकून राह्यलं! विमलच्या अंगाचा तिळपापड झाला. एकेक बटण तिनं पुसलं होतं. आतापर्यंत जे झालं त्यापेक्षा हे एक वाक्य तिला जास्त झोंबलं. तिनं ट्रे टेबलावर ठेवला आणि तिचा हात नकळत दुसऱ्या हातावरच्या बांगड्यांकडं गेला, वर सारायला.

निशांतनं ते बघितलं असावं. पोरगा भला होता. "काकू, तुम्ही पण ट्राय करा ना! या ना, मजा येईल."

सगळे तिच्याकडं वळले. आता तरी. अजूनही वेळ गेलेली नव्हती. अर्पितानं नुसतं "हो आई, ये" म्हटलं असतं तरी विमलनं मागचं सगळं गिळलं असतं. विमानानंच सांगितलं असतं काय सांगायचं ते.

"आई?" अर्पिता हसली. "अरे, तिला रिमोट पण कळत नाही."

खोलीत सगळे हसले, चांगल्या मनानंच. विमलही हसली. काय करणार? पोरीचं जमत होतं, वणीची मंडळी घरात होती, आणि पोरीनं आता तिच्याकडं बघितलं होतं, तेही असं की, आई, नको.

"मले कायचं येते बापा," विमल म्हणाली. "पोहे थंड होऊन राह्यले, घ्या."

स्वयंपाकघरात येऊन तिनं गॅसवर चहाचं आधण ठेवलं आणि साखर टाकायची विसरली. मागोमाग मंदाताई आल्या, कप विसळायला हात लावू का म्हणत. विमलनं नको-नको म्हटलं तरी त्यांनी नळ सोडला. दोन कप विसळून झाले. मग मंदाताई हळूच म्हणाल्या, "विमलताई, एक इचारू का? राग नका मानू. खेळते कोण?"

"म्हणजे?"

"निशांतनं मलेबी फोटो दाखवले होते. टीव्हीच्या काचेत मागचं दिसते ना. त्यात लुगडं दिसे. बांगड्या कोपरापोत्तर चढवलेल्या." त्यांनी कप पालथा घातला. "म्या कोणाले बोलली नाही. मले बरं वाटलं होतं. म्हणलं, चाला, एका घरी तरी बाई खेळते."

घ्या! जिच्यापासून लपवायला पोरीनं आईला पुसून टाकलं, ती बाई हे बघायला वणीहून आली होती. विमलला नुसतं एक 'हो' म्हणायचं होतं. पण 'हो' म्हटलं तर पोरगी खोटी पडत होती, आणि तीही सासू होणाऱ्या बाईपुढं.

"फोटो मी काढत होती," विमल म्हणाली. "खेळत ते होते."

"मंग बांगड्या कायले चढवल्या होत्या?"

"भांडे घासत होती."

मंदाताईंनी तिच्याकडं बघितलं, भरपूर बघितलं. "असं का," म्हणाल्या आणि पुढचा कप घेतला.

जेवणं झाली, पाटोडीच्या रश्श्याला नावाजून झालं, सुपारी फुटली. सगळं ठरलं. मंडळी गाडीत बसून गेली आणि पंजाबराव ही बातमी द्यायला पानठेल्यावर गेले. अर्पितानं मागून येऊन आईच्या गळ्यात हात टाकले. "थँक यू आई. किती सांभाळून घेतलंस."

विमलनं ते हात काढले. "काहून सांगतलं असं?"

"कसं?"

"मले माहीत हाय तुले कळलं. काहून?"

अर्पिता पलंगावर बसली. आधी म्हणाली, चुकून झालं. मग म्हणाली, पहिला फोटो बघून ऑफिसातल्या एकानं विचारलं, पी एन जे कोण, तर तिच्या तोंडून बाबा निघालं, आणि सगळ्यांना ते इतकं भारी वाटलं की मग बदलता आलं नाही. मग खरं बोलली. "आई, बाबा खेळतात म्हटलं की लोक म्हणतात, वा, कूल. आई खेळते म्हटलं की विचारतील, मग घरचं कोण करतं? मला ते नको होतं."

"घरचं मी करतो ना. करूनच बसतो."

"मला माहीत आहे गं."

"तुले माहीत हाय. मंग त्याहीले सांगाचं कोणी?"

आता अर्पितालाही राग आला. माणूस चुकीत सापडला की येतोच. ती उभी राहिली आणि म्हणाली, "आणि बाबांचं नाव मी टाकलं होतं का? तुला सांगितलं होतं, तुझं टाक. तूच टाकलंस ना त्यांचं?"

पोरीचं म्हणणं खरंच होतं. नाव विमलनंच टाकलं होतं, दांडी फिरवून फिरवून, एकेक अक्षर. पण ते तिनं मानानं टाकलं होतं. पोरगी त्याच्या आड जाऊन उभी राहील, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. लोकांनी नाव बघून फसावं, त्यात काही नाही. पण अर्पिता नाव बघून फसली नव्हती. तिनं त्या पहिल्या दुपारी आईचे हात बघितले होते. ती ओरडली होती, आई, तू तिसरीत पोचली.

"जाय, बॅग भर," विमल म्हणाली. "गाडी चुकन."

दुसऱ्या दिवशी जमनी ताकाला आली ती दारातूनच विचारत. "काय म्हणले वणीवाले? आवडला का गेम?"

"आवडला," विमल म्हणाली. "लयच आवडला. मालकाचा गेम हाय म्हणे, भारी हाय."

"मालकाचा?" जमनी हसायला लागली आणि मग विमलचं तोंड बघून थांबली. लोटी भरून घेतली आणि त्या दिवशी ती दारात थांबली नाही.

दुपार आली. भांडी झाली. विमलनं ठरवलं होतं की डबा खोक्यात घालून माळ्यावर टाकायचा. खोकं काढलंही. पण हाताला सवय होती. तिनं पाट घेतला, बांगड्या चढवल्या आणि बसली. त्या दिवशी तोंडानं शब्द नव्हता, नुसती टकटक. अशी खेळली की तिला स्वतःलाही वाटलं नव्हतं एवढं पुढं गेली. नव्या रंगाची विमानं आली, आजवर न दिसलेली. शेवटी विमान फुटलं आणि पडद्यावर सगळ्यांच्या वरची ओळ उघडली. सगळ्या पंजाबांच्या वर. नाव विचारू लागली.

पी टाकायला दांडी हलेना. व्ही टाकायलाही हलेना. टाकून दाखवायचं कोणाला? कोपऱ्यात आकडे उलटे पळत होते, ते शून्यावर आले आणि यंत्रानं आपणच तीन ए टाकून घेतले. कोणाचंच नाव नाही. विमल ते बघत बसली. मग रडली. खोटं कशाला सांगा, चांगली पदर तोंडाला लावून रडली.

तेवढ्यात मोबाईल वाजला. पुण्यात जेवणाची सुट्टी झाली होती. अर्पिताचा निरोप होता, नेहमीसारखाच, जसं काही झालंच नव्हतं. "आई, आजचा फोटो? निशांत विचारतोय." पुढं बदाम.

विमलनं डोळे पुसले. टाईप करायला तिला वेळ लागायचा, म्हणून तिनं बोलायचं बटण दाबून धरलं, मोबाईल तोंडाजवळ नेला आणि सावकाश, एकेक शब्द नीट ऐकू जाईल असं बोलली.

"फोटो तुह्या बाबाले माग. मले तं रिमोटबी कळत नाही."